शहापूर-मुरबाड परिसरातील निजेची व्यवस्था : ऊब, अंथरूण आणि छप्पर यांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात व सामाजिक इतिहासाच्या लेखनात त्यांचा स्वतंत्रपणे विचार झालेला दिसतो. मात्र माणूस आयुष्याचा सुमारे एक तृतीयांश काळ ज्या अवस्थेत घालवितो त्या निद्रेची भौतिक व्यवस्था वस्त्राच्या इतिहासात पुरतेपणी येत नाही आणि वास्तूच्या इतिहासातही येत नाही. अंथरूण, पांघरूण, रात्रीची ऊब आणि उन्हाळ्यातील गारवा हे विषय घरगुती म्हणून बाजूला राहिले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात या व्यवस्थेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या दोन तालुक्यांची निवड हेतुपुरस्सर आहे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. शासकीय दृष्ट्या ते कोकणात मोडत असले तरी समुद्रापासून दूर असल्याने किनाऱ्यावरील सम हवामान त्यांच्या वाट्याला येत नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे जानेवारीतील सरासरी किमान तापमान 17 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. घाटाच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पहाट त्याहून थंड असते आणि एप्रिलमधील दुपार मुंबईपेक्षा बरीच तापलेली असते. मधल्या चार महिन्यांत प्रचंड पाऊस पडतो व घरातील प्रत्येक वस्तू ओलसर होते. थंडी, ओल आणि उष्मा अशा तीन शत्रूंशी येथील झोपेला झगडावे लागते. त्यातच ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी समाजांची मोठी वस्ती येथे आहे. 1936 च्या आदेशानुसार शहापूर तालुका अंशतः वगळलेल्या क्षेत्रात समाविष्ट झाला. आज तो संपूर्णपणे आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत.

घाटवाटा आणि वस्त्रदान

या परिसराचे प्राचीन महत्त्व घाटवाटांमुळे आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढून जुन्नरला जाता येते, तर शहापूर-कसाऱ्याकडून थळघाटाने नाशिक गाठता येते. सोपारा व कल्याण या बंदरांचा देशावरील बाजारपेठांशी असलेला व्यापार या वाटांनी चालत असे. नाणेघाटाच्या माथ्यावरील सातवाहनकालीन लेणे नागनिकेच्या शिलालेखासाठी प्रसिद्ध आहे. आत बसण्याजोगे दगडी कट्टे असून प्रवाशांच्या विसाव्याच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे ठरते. जुन्नर परिसरातील विहारांच्या खोल्यांत भिक्षूंना निजण्यासाठी खडकातच ओटे कोरलेले आढळतात. दगडी ओटा उन्हाळ्यात सुखावह असला तरी पावसाळ्यात व हिवाळ्यात त्यावर काही अंथरल्याखेरीज झोप लागणे कठीण.

त्या अंथरुणा-पांघरुणाचा खर्च कोण करीत असे, याचा थोडा उलगडा थळघाटापलीकडील नाशिकच्या पांडवलेण्यात होतो. येथील दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष 42 चा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, तर दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज 240 कार्षापण होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे लेखात म्हटले आहे. हिशेब नेमका जुळतो. पावसाळ्यातील वस्त्राची तरतूद ही दानधर्माची बाब आहे आणि त्यासाठीचा निधी विणकरांकडेच ठेवावा, ही कल्पना या प्रदेशात सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे. अर्थात तिचा लाभ भिक्षुसंघाला होता. घाटाखाली रानात राहणाऱ्यांच्या पांघरुणाची नोंद कोणी कोरून ठेवलेली नाही.

कुड, पेंढा आणि चूल

इ.स. 1882 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या तेराव्या खंडात ठाणे जिल्ह्याचे विस्तृत वर्णन आहे. कारवीच्या काठ्यांच्या, माती व शेणाने लिंपलेल्या भिंती आणि गवती छप्पर असे आदिवासींचे घर त्यात आढळते. या घराकडे दारिद्र्याचे लक्षण म्हणून पाहण्याची सवय नंतरच्या काळात इतकी रूढ झाली की त्याच्या औष्णिक गुणांकडे दुर्लक्ष झाले. गवताच्या वा पेंढ्याच्या जाड थरात हवा कोंडलेली असते. त्यामुळे दिवसाची उष्णता आत येण्यास आणि रात्रीची ऊब बाहेर जाण्यास अटकाव होतो. लिंपलेला कुड पूर्णतः बंद नसतो, त्यामुळे धूर बाहेर पडतो व हवा खेळती राहते. त्याच धुराने छपरातील कीडही आटोक्यात राहते. अशा घराला दर एक-दोन वर्षांनी शाकारावे लागते. हे श्रम मोजले तर ते घर स्वस्त ठरत नाही, हेही नमूद करावयास हवे.

अंथरूण म्हणजे बहुतेक ठिकाणी शिंदीच्या पानांची चटई, तरट किंवा भाताचा पेंढा. सुगीनंतर खळ्यावर राखण करणारा माणूस पेंढ्यातच निजे. पेंढ्याचे तत्त्व छपराचेच आहे : पोकळ काड्यांत साठलेली स्थिर हवा जमिनीचा गारठा अंगापर्यंत येऊ देत नाही. थंडीत माणसाची ऊब वरून जाते असे सर्वसाधारणपणे समजले जाते व म्हणून पांघरुणाला महत्त्व मिळते. वस्तुतः सारवलेल्या गार जमिनीवर निजणाऱ्याच्या अंगाची ऊब खालूनही तितकीच जाते. गरीब कुटुंबात पांघरूण एक आणि पेंढा मुबलक अशी स्थिती असताना झोप शक्य होत असे, ती यामुळे.

ऊब देणारा तिसरा घटक चूल. ज्या खोलीत स्वयंपाक तिथेच बायका-मुलांची निज, आणि बाहेर अंगणात शेकोटी. आगीकडे पाय करून निजण्याच्या रीतीला आधुनिक निद्राविज्ञानाने अनपेक्षित दुजोरा दिला आहे. स्वित्झर्लंडमधील क्राउखी व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात असे दाखविले की, हातापायांच्या त्वचेकडे रक्तप्रवाह वाढून ते उबदार झाले की झोप लवकर लागते. पाय शेकले की शरीराच्या गाभ्यातील उष्णता बाहेर पडू लागते, गाभ्याचे तापमान उतरते आणि हे उतरणे हीच निद्रेची नांदी असते. मात्र शेकोटी रात्रभर टिकत नाही. मध्यरात्रीनंतर कोणीतरी उठून लाकूड सरकवावे लागते. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या युरोपात लोक दोन टप्प्यांत झोपत, असे अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी 2001 व 2005 मधील लेखनातून मांडले. त्यांचा सिद्धान्त जसाच्या तसा येथे लावता येणार नाही, परंतु आगीवर अवलंबून असलेली झोप सलग असू शकत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

आगीसाठी लाकूड लागते आणि लाकडासाठी जंगल. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची व्याप्ती वाढली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून त्याविरुद्ध तक्रारी आल्या व 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्यातील मुख्य वाद होता आणि इतिहासकारांनी त्याची दखल घेतली आहे. त्याच जंगलातून कुडाची कारवी, छपराचे गवत आणि रात्रीचे जळण येत होते, ही बाजू मात्र फारशी पुढे आली नाही. जंगलावरील निर्बंध हे रात्रीच्या उबेवरीलही निर्बंध होते.

घोंगडी, गोधडी आणि ब्लँकेट

या परिसरातील खरे उबदार पांघरूण म्हणजे घोंगडी. ती येथे तयार होत नसे. दख्खनी मेंढीची लोकर देशावर कातरली जाई, सनगर समाजातील कारागीर ती खड्डामागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणीत. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरणारे धनगर आणि घाटावरील व्यापारी यांच्यामार्फत ती खाली येई. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. ती जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून घोंगड्यांची विक्री हेही तिचे वैशिष्ट्य राहिले आहे. पौष पौर्णिमा साधारणतः जानेवारीत येते, म्हणजे ऐन कडाक्यात. बाजार नेमका गरजेच्या वेळी भरे. पण तोवर भात विकून हाती आलेला पैसा सावकाराच्या हिशेबात जमा झालेला असे, ही त्यातील विसंगती.

घोंगडी पांघरूण तर होतीच, शिवाय पावसात डोक्यावरून घ्यायची खोळ आणि पाहुण्याला बसावयास टाकायचे आसनही होती. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही व ते शोषताना किंचित उष्णता मुक्त करते. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात हा गुण सुताच्या कोणत्याही वस्त्रात नव्हता. पूर्ण भिजली की मात्र ती लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या प्रश्नाला मराठीत 'भिजत घोंगडे' म्हणतात, ते अनुभवातून आले आहे.

गोधडीची गोष्ट वेगळी आहे. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक रचून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ही काटकसरीची खूण समजली जाते. परंतु गोधडी होण्यासाठी घरात आधी पुरेसे कापड यावे लागते आणि ते पूर्ण विरण्याआधी बाजूला ठेवता आले पाहिजे. शेतकरी कुटुंबात हे शक्य होते. एकच वस्त्र अंगावर विरेपर्यंत वापरणाऱ्या कातकरी कुटुंबात गोधडीसाठी चिंधीही उरत नसे. या अर्थाने गोधडी दारिद्र्याची नसून अल्पशा सुबत्तेची निशाणी आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हा उपदेशही ज्याच्याजवळ अंथरूण आहे त्यालाच करता येतो.

मुंबईत 1854 मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली व पुढे स्वस्त गिरणी कापड खेड्यात पोचले. लोहमार्ग 1854 मध्ये कल्याणपर्यंत, 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि 1865 मध्ये थळघाट ओलांडून इगतपुरीपर्यंत गेला. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके शहापूर तालुक्यात येतात. मुरबाडला मात्र लोहमार्ग लाभला नाही. कापडाची ही उपलब्धता अखंड नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई इतकी वाढली की 1943 मध्ये सरकारला कापड नियंत्रण आदेश काढावा लागला. नवे कापड नाही म्हणजे काही वर्षांनी नवी गोधडी नाही, असा हा उशिरा जाणवणारा परिणाम होता.

लोकरीच्या बाबतीतही ठाणे जिल्ह्याचे स्थान लक्षणीय आहे. ठाण्याच्या खाडीजवळ 1925 मध्ये सुरू झालेली रेमंड लोकरी गिरणी प्रारंभी मुख्यत्वे जाडीभरडी, स्वस्त ब्लँकेटे तयार करीत असे. 1944 मध्ये ती सिंघानिया कुटुंबाकडे आली व कालांतराने उंची सुटिंगसाठी ओळखली जाऊ लागली. जिल्ह्याच्या ठिकाणी ब्लँकेटे विणली जात असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाड्यांवर माणसे पेंढ्यात निजत होती. पुढे स्वस्त ब्लँकेटांचे केंद्र हरयाणातील पानिपत येथे सरकले. तेथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढले जाते. हिवाळ्यात शहरातील मंडळे व संस्था आदिवासी पाड्यांवर ब्लँकेटवाटप करतात, त्यातील माल बहुधा या जातीचा किंवा अलीकडे पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टरचे ब्लँकेट वजनाला हलके व धुण्यास सोपे असते, पण ते ओल शोषत नाही आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. घोंगडीवर ठिणगी पडली तर ती विझते. दान देणाऱ्यांनी या फरकाचा विचार केल्याचे सहसा दिसत नाही.

जमिनीवरची झोप

ऊब हा निजेच्या व्यवस्थेचा एक भाग झाला. सुरक्षितता हा दुसरा. या भागात मण्यार हा अतिविषारी सर्प आढळतो. तो निशाचर असून उंदीर, पाली व इतर सापांच्या शोधात घरात शिरतो. जमिनीवर निजलेल्या माणसाला त्याचा दंश अनेकदा झोपेतच होतो. दंशाच्या जागी वेदना वा सूज फारशी नसल्याने तो लक्षात येत नाही आणि पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, श्वास अडणे ही लक्षणे दिसतात तेव्हा मौल्यवान वेळ गेलेला असतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील अशा रुग्णांवर दीर्घकाळ उपचार व लेखन केले आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार मृत्यू झाले. त्यातील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते.

या पार्श्वभूमीवर बाज किंवा खाट ही चैन ठरत नाही. त्याहून साधे साधन मच्छरदाणीचे. तिचा प्रसार हिवतापाच्या निमित्ताने झाला. डासांतून हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबाद येथे सिद्धतेकडे नेले. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व त्यात भर होता तो घरोघरी डीडीटी फवारण्यावर, मच्छरदाणीवर नव्हे. आग्नेय नेपाळमध्ये शाप्वी व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये केलेल्या अभ्यासात, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून निजणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचे आढळले. एका रोगासाठी वाटलेले साधन दुसऱ्याच संकटात उपयोगी पडले. अडचण अशी की मच्छरदाणीने वाऱ्याला अडथळा होतो. उकाड्याच्या रात्री माणूस ती वर सारतो आणि साप बाहेर फिरण्याचा काळही उन्हाळा-पावसाळ्याचाच असतो. झोपेच्या खोलीतील तापमानाचा प्रश्न येथे थेट जीविताशी येऊन भिडतो.

आश्रमशाळांमध्ये हाच प्रश्न शासनाच्या जबाबदारीचा होतो. शहापूर हे आदिवासी विकास प्रकल्पाचे मुख्यालय असून परिसरात अनेक शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आहेत. दिवसा वर्ग भरतो तीच खोली रात्री निजावयाची, आणि पलंगाऐवजी जमिनीवर सतरंजी, अशी स्थिती अशा शाळांच्या पाहणीत वेळोवेळी समोर आली. अंथरूण-पांघरुणाची खरेदी पूर्वी एकत्रितपणे होई व माल उशिरा पोचण्याच्या तक्रारी असत. 2017 नंतर अनेक वस्तूंऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याचे धोरण आले. विलंब टळला तरी नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या नावे आलेली रक्कम पांघरुणावरच खर्च होईल याची हमी त्या धोरणात नाही.

पत्रा, स्लॅब आणि पंखा

स्वातंत्र्योत्तर काळात सर्वांत मोठा बदल झाला तो छपरात. गवताची जागा आधी मंगलोरी कौलांनी व नंतर सिमेंटच्या आणि लोखंडी पत्र्यांनी घेतली. 1985 मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना, राज्याची शबरी घरकुल योजना आणि 2016 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांमुळे विटा-सिमेंटची घरे पाड्यांपर्यंत आली. पावसापासून व आगीपासून मिळालेले संरक्षण हा त्यांचा निर्विवाद लाभ आहे. रात्रीच्या तापमानाचा विचार मात्र त्यांत नाही. पातळ लोखंडी पत्रा उन्हात वेगाने तापतो आणि निरभ्र रात्री आपली उष्णता आकाशाकडे फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. हिवाळ्यात पहाटे त्याच्या आतल्या बाजूस दव साचून थेंब अंथरुणावर पडतात. काँक्रीटच्या स्लॅबचे उलट. तो दिवसभर उष्णता साठवितो व मध्यरात्रीपर्यंत ती खोलीत सोडीत राहतो. उन्हाळ्यात अंगणात निजण्याची रूढी त्यावरील उतारा आहे, पण बिबट्याचा वावर असलेल्या गावांत तोही सहज नाही.

पंखा वीज आल्यावर आला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले, तरी दूरच्या पाड्यांना जोडणी मिळण्यास दशके लागली. 2005 ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना व 2017 ची सौभाग्य योजना ही त्यातील पुढची पावले. 2000 नंतरच्या दशकात राज्यभर तीव्र भारनियमन होते व जोडणी असूनही पंखा फिरत नसे. शिवाय स्लॅबखालचा पंखा तापलेलीच हवा खाली लोटतो.

झोपेसाठी खोलीचे तापमान 18 ते 20 अंश असावे, असा सल्ला हल्ली सर्वत्र दिला जातो. तो थंड देशांतील घरे, गाद्या व रजया गृहीत धरून दिलेला आहे. जपानी संशोधकांच्या अभ्यासांनुसार खरा निकष पांघरुणाच्या आतील हवेचा आहे. ती 32 ते 34 अंशांच्या आसपास आणि फार दमट नसली की झोप चांगली लागते, मग खोली थोडी गार असो वा उबदार. भारतात 1 जानेवारी 2020 पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी 24 अंशांवर ठेवणे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने बंधनकारक केले. मुरबाडच्या वीटभट्टीवर किंवा भिवंडी-कल्याण परिसरातील भट्ट्यांवर सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कातकरी मजुराला हे दोन्ही आकडे सारखेच दूरचे. तो कच्च्या विटा रचून वर प्लॅस्टिक टाकलेल्या खोपीत निजतो. पेटलेल्या भट्टीची धग जानेवारीत त्याला उपकारक आणि एप्रिलमध्ये असह्य होते. 68 देशांतील नोंदींवर आधारलेल्या 2022 च्या एका अभ्यासानुसार उष्ण रात्रींमुळे माणसाची वर्षाला सुमारे 44 तासांची झोप आधीच कमी झाली असून कमी उत्पन्नाच्या देशांतील लोकांवर हा परिणाम अधिक आहे. मनगटावरील यंत्रांनी गोळा केलेल्या या नोंदींत वीटभट्टीवरचा मजूर येण्याची शक्यता अल्प आहे.

2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची शेगडी आली. स्त्रियांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना धुरापासून काही अंशी सुटका मिळाली, हे मोठे काम झाले. मात्र चूल घराबाहेर गेली की थंडीतील रात्रीची ऊबही घराबाहेर जाते आणि तिच्या बदली काय द्यावे याचा विचार घरकुलाच्या आराखड्यात अद्याप झालेला नाही. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला आणि त्यालगत वातानुकूलित विश्रामगृहांच्या जाहिराती दिसू लागल्या. पाड्यांवर मात्र अनेक घरकुलांच्या मागे कुडाचे जुने खोपट अजून उभे असते. चूल तिथेच पेटते, आणि पौषात घरातील म्हातारी माणसे सिमेंटची खोली नातवंडांना सोडून घोंगडी घेऊन त्या खोपटात चुलीकडे पाय करून निजतात.